चिकटपट्टीचा बांध

तात्या सोफ्यातून आरपार चालत गेले, डायनिंग टेबलावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “चहा झाला का न्हाई?”

“तात्या, तुम्ही टेबलावर उभे आहात,” विलासराव म्हणाले.

तात्यांनी खाली बघितलं. पायाखाली मोझेकची फरशी होती आणि तिच्यावर वायरमन लोक वापरतात तसल्या काळ्या चिकटपट्टीने आखलेला एक चौकोन. ते त्या चौकोनातून बाहेर आले, ते थेट शोकेसमध्ये. विलासरावांनी कपाळाला हात लावला. स्वयंपाकघराच्या दारातून कुंदावहिनी म्हणाल्या, “घ्या. काचा फोडल्या.”

हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं आणि मला त्याचा भलताच अभिमान होता.

गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. पुण्यात इंटिरियरचा डिप्लोमा करून मी सांगलीला परत आले होते, आणि विश्रामबागेतला रेठरेकरांचा वन बीएचके हे माझं एकटीने घेतलेलं पहिलं काम. विलास रेठरेकर बँकेत अधिकारी, शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं होतं की आमचं काम नीट झालं तर बिल्डिंगमधली आणखी सहा घरं तुमचीच, आणि बिघडलं तर सांगलीत कुणाला तोंड दाखवू नका. दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच सुरात म्हटली होती.

चिकटपट्टीची पद्धत मला आमच्या सरांनी शिकवली होती. कागदावरचा नकाशा लोकांना कळत नाही, नुसते माना डोलावतात. म्हणून फर्निचरची खऱ्या मापाची आखणी जमिनीवर करायची आणि घरच्यांना म्हणायचं, आठ दिवस असं राहा की जसं काही हे सगळं इथे आहेच. कुठे गुडघा आपटतो, कुठे दार अडतं, ते लाकूड कापायच्या आधी कळतं. पुण्यातली माणसं दोन दिवस हसायची आणि तिसऱ्या दिवशी सोफा तुडवत फिरायची. पण विलासरावांच्या हाती कुठलाही नियम पडला की तो बँकेचं परिपत्रक व्हायचा. सगळं जुनं सामान त्यांनी बेडरूममध्ये कोंबलं आणि हॉल पट्ट्यांच्या हवाली केला.

शेजारच्या बाई विरजण मागायला आल्या तर त्यांना दारात थांबवून वाट दाखवण्यात आली. इथून सरळ, मग टीव्हीला वळसा, मग खुर्ची मागे घ्या. बाईंनी नसलेली खुर्ची खरंच मागे घेतली. विरजण घेऊन गेल्या आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या की रेठरेकरांकडे काहीतरी बाहेरचं झालंय. विलासराव स्वतः रोज टेबलाच्या चौकोनाशी मांडी घालून जेवायचे आणि कुंदावहिनींनी आमटीचं पातेलं चौकोनाबाहेर ठेवलं तर म्हणायचे, “ते हवेत ठेवलंयस तू.”

गरजांची यादी त्यांनी मला टाईप करून दिली होती. सत्तावीस मुद्दे. बँकेच्या ढाली ठेवायला काचेचं शोकेस, चार माणसांचं डायनिंग टेबल, पाहुण्यांना रुबाबदार वाटेल असा सोफा. चौथ्या मुद्द्यात कुंदावहिनींचं शिवणाचं टेबल होतं, तेही चौदा वर्षं मागून मिळालेलं. खिडकीशी, उजेडात, साडेचार फूट लांब. त्या ब्लाऊज शिवायच्या आणि आजवर कापड बेतायला त्यांना पलंगाशिवाय जागा नव्हती. टेबलाची पट्टी मी चिकटवली तेव्हा त्या तिच्याशेजारी उभ्या राहून नुसत्या हवेतच कात्री चालवून बघत होत्या.

अडचण एकच होती, खांब. बिल्डरने हॉलच्या डाव्या भिंतीत मधोमध एक खांब असा काही ठेवला होता की जणू तो आधी उभा होता आणि घर नंतर आलं. खांब ते खिडकी साडेसात फूट. त्यातले साडेचार शिवणाच्या टेबलाला गेले, आणि उरलेल्या तीन फुटांत, डायनिंग टेबलाला लागून, मी ‘हिरवा कोपरा’ काढला होता. रबराचं झाड, पांढरे गोटे, खालून पिवळा दिवा. डिप्लोमावाल्यांना कुठेही तीन फूट मोकळे दिसले की तिथे गोटे ठेवावेसे वाटतात.

यादीत तात्या नव्हते. मीच विचारलं होतं, वडिलांची कॉट कुठे घेऊ? विलासराव मला जिन्यात घेऊन गेले आणि आवाज खाली करून म्हणाले, “तात्या फर्निचर आलं की भोसरीला जाणार, माझ्या भावाकडे, सुरेशकडे. कायमचे. त्यांचं आणि हिचं पटत नाही हो. तुम्ही बघताच आहात. हिलाही आता जरा सुख मिळू दे.”

ते तर मी बघतच होते. तात्यांच्या बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि ती नऊ वर्षं सासरे-सून अखंड भांडत होते. चहात साखर, टीव्हीचा आवाज, बाल्कनीत वाळत घातलेलं धोतर, काहीही चालायचं. मी गेले की कुंदावहिनी मला साक्षीदार करायच्या. “मॅडम, तुम्हीच सांगा, नखं काय हॉलमध्ये काढतात का?” त्यावर तात्या शांतपणे सांगायचे की हॉल कुठाय, मी सोफ्याखाली काढतोय.

“भोसरीला जावा म्हंजे कळंल,” कुंदावहिनी म्हणायच्या. “तिथं सुनेला नोकरी आहे. दिवसभर भिंतीशी बोलायचं.”

“भिंत बरी. उलट बोलत न्हाई.”

तिसऱ्या दिवशी विलासरावांचा फोन आला. टेबलावर ताटं मावत नाहीयेत. मी गेले, टेप लावला. तीन फूट रुंदीचं टेबल दोन फूट नऊ इंच भरलं. मला वाटलं, मीच चुकले असेन. पट्टी उचलली, परत तीन फुटांवर लावली. चौथ्या दिवशी पुन्हा दोन फूट नऊ. पाचव्या दिवशी दोन फूट आठ.

कुणीतरी पट्टी सरकवत होतं.

मी विलासरावांना बाजूला घेऊन विचारलं. ते आधी चिडले, मग लाल झाले आणि मग त्यांनी कबुली दिली की शोकेसची पट्टी त्यांनी दोन बोटं पुढे घेतली होती, कारण ‘उत्कृष्ट शाखा’ची मोठी ढाल आडवी मावत नव्हती. पण टेबलाला हात लावला नाही, आईशप्पथ. मी त्यांचं शोकेस मागे ढकललं. शिवणाच्या टेबलाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, त्यामुळे तिकडे मी टेप लावलाच नाही.

मग उरले तात्या. आणि तात्या म्हणजे कोण? भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं मोजणीदार. तासगावपासून जतपर्यंत शेताच्या हद्दी मोजून त्यांनी निम्म्या जिल्ह्याची भावकी कोर्टात उभी केली होती. ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की तात्या, ही बांध कोरण्याची काय भानगड असते हो?

म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. नातवंडाचं नाव काढल्यावर जसा फुलतो तसा.

“ती कला हाय, इंजिनेरबाई,” ते म्हणाले. “अडाणी माणूस एका रात्रीत हातभर घेतो आणि सकाळी डोकं फुटतं. शाना माणूस दर नांगरटीला चार बोटं घेतो. शेजारी बघतो, त्याला वाटतं आपलीच नजर चुकली. धा वर्षांत दोन गुंठे. मोजायला मला बोलावत्यात तवा बांध आपला जागच्या जागी, झाडाझुडपासकट. जसा काय देवानंच तिथं ठिवला.”

“आणि चोर कसा ओळखायचा?”

“सोप्पंय. कुणाचं रान वाढलं तेवढं बघायचं.”

मी त्यांच्याकडे बघून हसले, ते माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, पकडले. मी सरळ म्हटलं की तात्या, पट्ट्या तुम्ही सरकवताय ना?

तात्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले. “जमिनीवर वाकलो असतो,” ते म्हणाले, “तर वर उठवायला तुलाच बोलावलं असतं.”

ते खरं होतं. ते जेवायलाही खुर्चीत बसायचे, ताट स्टुलावर. विलासराव त्यांना रोज सांगायचे की स्टूल बेसिनच्या वाटेत येतंय.

आठवा दिवस शनिवार होता. यशवंत मिस्त्री मापं घ्यायला येणार होता आणि मी नेमकी सनमायका बघायला कोल्हापूरला निघाले होते. जाताना त्याला नकाशा दिला. पण त्याआधी आठ दिवस मी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती, की मिस्त्री, कागद विसरायचा, जमिनीवरचं खरं. नुसतं त्यालाच नाही, विलासरावांना, शेजारच्या बाईंना, रद्दीवाल्याला, सगळ्यांना मी ते ऐकवलं होतं. निघायच्या आधी घाईघाईत टेबलाची पट्टी मी शेवटची तीन फुटांवर आणून चिकटवली, वर हाताने दाबली आणि स्टँडकडे पळाले.

फर्निचर यायला तीन आठवडे लागले. रविवारी सकाळी टेम्पो आला. त्याच दिवशी दुपारच्या गाडीने तात्या भोसरीला जाणार होते. त्यांची पत्र्याची ट्रंक आणि वळकटी दाराशी तयार होती आणि ते ट्रंकेवर टोपी घालून बसले होते. कुंदावहिनी सकाळपासून त्यांना कुठल्या डब्यात चटणी, कुठल्यात लाडू, हे अशा आवाजात सांगत होत्या की जसं काही त्यांनीच ते चोरलंय.

सोफा आला, बसला. शोकेस आलं, बसलं. टेबल आलं आणि सोफ्याशेजारी भलतंच अरुंद दिसलं. विलासरावांनी खिशातून टेप काढला. ते टेप खिशात ठेवतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

“अडीच फूट,” ते म्हणाले.

मग शिवणाचं टेबल वर आलं. मिस्त्रीने ते एका हातात धरून आणलं होतं. विलासरावांनी ते मोजलं, परत मोजलं आणि माझ्याकडे टेप उलटा धरून दाखवला. दीड फूट. शिवणाचं मशीन बसलं असतं त्यावर, बस्स. कापड बेतायचं म्हटलं तर रुमालसुद्धा बाहेर लोंबला असता.

आणि सगळं जागच्या जागी लागल्यावर खांबाच्या मागे, जिथे माझे पांढरे गोटे यायचे होते, तिथे एक लांबच लांब रिकामा चौकोन उरला. मिस्त्रीने पिवळ्या दिव्यासाठी आणलेली वायर हातात धरून विचारलं, “मॅडम, हितं आता काय बसवू? ट्रॅक्टर?”

मी मिस्त्रीवर घसरले. नकाशा दिला होता ना हातात? मिस्त्री म्हणाला, “दिला होता की. पण जमिनीवर वेगळं होतं. मी वहिनींना विचारलं, कुठलं धरू? तर वहिनी म्हणाल्या, मॅडम रोज काय सांगून गेल्यात? मग मी पट्टी धरली.”

विलासरावांना आता कंठ फुटला. सहा घरं विसरा म्हणाले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतो म्हणाले. हे सगळं परत करून द्यायचं, एका महिन्यात, नाहीतर मी कुठे जाऊन काय सांगेन ते बघा म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे सांगलीतले सगळे सोफे एकेक करून नाहीसे व्हायला लागले. मी तोंड उघडलं आणि जे बोलायला नको होतं तेच बोलले. म्हटलं, पट्ट्या मी सरकवल्या नाहीत, तुमच्याच घरातल्या कुणीतरी सरकवल्यात.

विलासराव गर्रकन ट्रंकेकडे वळले. “तात्या, आयुष्यभर लोकांचे बांध बघितलेत तेवढं पुरे नाही झालं? जाता जाता घरातही?”

तात्या ट्रंकेवर हात टेकून उठले आणि हळूहळू आत आले. सोफ्याला वळसा घातला, खुर्ची मागे घेतली, सगळं अगदी नियमाप्रमाणे. खांबापाशी थांबले. रिकाम्या चौकोनाच्या एका टोकाला पाऊल ठेवलं आणि पावलापुढे पाऊल लावत दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग आडवं मोजलं. मग त्या दीड फुटाच्या टेबलाकडे बघत राहिले. मग टोपी काढली.

“सहा बाय अडीच,” ते म्हणाले. “ही गोट्यांची जागा न्हाई. ही माणसाच्या अंगाची जागा हाय.”

मिस्त्रीने वायर खाली ठेवली.

“टेबलाचं सहा इंच गेलं ते समद्यांचं मिळून गेलं. पर हे तीन फूट,” त्यांनी शिवणाच्या टेबलावर बोट ठेवलं, “एकाच खातेदाराचं गेलं. चौतीस वर्षं मोजण्या केल्या, विलास. ज्याचं रान वाढतं त्यानं बांध कोरलेला असतो. ज्याचं रान गेलं त्यानंच कोरलाय असा बांध आज पयल्यांदा बघतोय.”

विलासराव बायकोकडे बघायला लागले. मीही बघितलं. कुंदावहिनी लाडवाच्या डब्याचं झाकण लावत होत्या आणि ते लागत नव्हतं.

“तू?” विलासराव म्हणाले. “अगं, तुझ्यासाठी तर मी हे सगळं... तुमचं पटत नाही म्हणून...”

“कोण म्हणालं पटत नाही?”

“रोज भांडता की.”

“मग? भांडायचं कुणाशी मी? तुमच्याशी?” त्यांनी डबा आपटला. “तुम्ही सकाळी नऊला जाता ते रात्री आठला येता, आणि आल्यावर बातम्या. दोन शब्द बोलायला घरात हे एक माणूस आहे, तेही तुम्ही परस्पर भोसरीला देऊन टाकलं. मला विचारलं?”

विलासराव म्हणाले, मग तसं सांगायचं होतंस. त्यावर कुंदावहिनींनी जे सांगितलं ते थोडक्यात असं, की सांगितलं असतं तर तुम्ही कागदावर फायदे-तोटे लिहिले असते. आणि तात्यांना राहा म्हटलं असतं तर हे दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं वळकटी उचलून गेले असते, कारण सुनेच्या उपकारावर राहील तर म्हातारा कसला. त्यांच्या माहेरी कवठ्याला बापाचे सात गुंठे शेजाऱ्याने असेच चार-चार बोटांनी नेले होते. लहानपणी बघून बघून शिकल्या होत्या. फक्त कधी वापरायची वेळ आली नव्हती.

“शनिवारी मॅडम स्टँडवर गेल्या तेव्हा मात्र मला वेळ नव्हता,” त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. “मिस्त्री जिन्यात आले होते. म्हणून टेबलाचं सहा इंच एकदम घेतलं. ते चुकलंच माझं.”

आठ दिवस मी त्या घरात ढालींचं माप घेतलं, ताटांचं घेतलं, रबराच्या झाडाच्या कुंडीचं घेतलं. रोज त्या बाईच्या हातचा चहा प्यायले, आणि तिला विचारलं एवढंच, साखर कुठाय.

विलासराव खुर्ची मागे न घेताच खुर्चीत बसले, म्हणजे अर्धे टेबलावर. टेप त्यांच्या हातातून सटकन आत गेला. मग ते म्हणाले की सुरेशला फोन करावा लागेल, तो स्टेशनवर येईल उगाच.

“थांब,” तात्या म्हणाले. “मी कुटं म्हटलो ऱ्हातो?”

कुंदावहिनींचा हात डब्यावरच थांबला.

“मोजणी चुकीची हाय. मी पाच फूट सहा इंच. मला सहा फूट कशाला? अर्धा फूट तिच्या मशीनला परत द्या, तवा ऱ्हाईन.”

“काही नको,” कुंदावहिनी म्हणाल्या. “उशाला तंबाखूची डबी, चष्मा, तांब्या कुठे ठेवणार? माझ्या डोक्यावर?”

“तांब्या खाली ठिवीन.”

“आणि पहाटे उठून लाथाडाल. फरशी मी पुसायची. सहाच फूट राहतील.”

“मी पाय दुमडून झोपतो. पाच फूट बास.”

“त्या गुडघ्यांनी? दुमडून दाखवा आधी.”

“कुंदे, माझी जागा हाय, मी पायजे तेवढी देईन.”

“तुमची कधी झाली? माझ्यातून गेलीय ती.”

“म्हणून तर परत घे म्हणतोय, अडाणी कुठली.”

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढून माझ्याकडे बघितलं आणि दबक्या आवाजात विचारलं की मॅडम, मग कॉटचं माप काय लिहू? सहा, साडेपाच, का पाच? मी खूण केली की थांबा जरा, एवढं मिटू दे. त्याने दोघांकडे एकदा नीट बघून घेतलं, टेम्पोवाल्याला खिडकीतून जा म्हणून हात केला, आणि खाली फरशीवर बसून भाकरीचा डबा उघडला.